परक्या लिपीतली आपली शिदोरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





गेल्या महिन्यात वस्तीतले एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुलगी बारावी झाली, तिला विद्यापीठात जपानी घ्यायचे आहे. म्हणाले, “सर, नर्सिंगला घातली तर चार पैसे मिळतील. जपानी शिकून पोरगी काय करणार?” प्रश्न रास्त आहे. आमच्या वडिलांनीही हेच विचारले होते.

आधी पोटाचे बोलू. पुण्यासारख्या शहरात दुभाषे आणि भाषांतरकार लागतात. जपानीच्या परीक्षेला एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. खालच्या दोन पायऱ्यांवर थांबले तर सहसा भागत नाही. नित्य वापराची चित्राक्षरेच २,१३६ आहेत. तीन-चार वर्षे रोज पाटी गिरवावी लागते. सोपे आहे असे सांगून आम्ही कोणाला फसवणार नाही.

पण नोकरी ही अर्धीच गोष्ट झाली. आपला ‘ध्यान’ हा शब्द घ्या. चीनमध्ये गेला तो ‘चान’ झाला, कोरियात ‘सन’, जपानात ‘झेन’. अक्षर एकच, उच्चार तीन. जपानी बाई नवऱ्याला ‘दान्ना’ म्हणते. त्याचे मूळ आपल्या ‘दान’ शब्दात आहे. आधी दान देणारा, मग पोशिंदा, मग घरधनी! वर्गात हे कळले तेव्हा आम्हाला परक्या गावात नातेवाईक भेटल्यासारखे झाले.

शब्दच नव्हे, ग्रंथही तिकडे गेले. युआन श्वांग, ज्याला आपण शाळेत ह्युएन त्संग म्हणून शिकलो, तो इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि ६६४ मध्ये मरेपर्यंत भाषांतर करीत राहिला. आपल्या महाराष्ट्राचेही वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. अशा कितीतरी ग्रंथांचे भारतातले मूळ नष्ट झाले, चिनी प्रत मात्र उरली. ‘विमुत्तिमग्ग’ हा त्यांपैकीच एक. पुण्याचे पालीचे पंडित डॉ. पु. वि. बापट चिनी शिकले, म्हणूनच १९३७ मध्ये त्यांना त्या ग्रंथाची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करता आली. कोरियात हेइन्सा विहारात तर तेराव्या शतकात कोरलेल्या त्रिपिटकाच्या ऐंशी हजारांहून जास्त लाकडी पाट्या आजही जपून ठेवल्या आहेत. आपली शिदोरी त्यांनी सांभाळली. ती उघडून वाचायला आपल्यातले किती जण गेले?

कोरियाची आणखी एक गोष्ट. तिथे विद्वान चिनी अक्षरांत लिहीत आणि गरिबाला त्यातले काही कळत नसे. सेजोंग राजाने साध्या माणसासाठी सोपी लिपी तयार करून १४४६ मध्ये जाहीर केली. दरबारच्या पंडितांनी आधीच, १४४४ मध्ये, तिला विरोध केला होता. विद्या आपल्याच हातात ठेवण्याची ही खोड आपल्याला नवी नाही. आज तीच लिपी कोरियातले लहान पोर वाचते.

आता कडू बोलतो. जपानात मेलेली जनावरे आणि कातडे यांचे काम करणाऱ्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले. १८७१ मध्ये भेद कागदावर मिटला, मनात राहिला. त्या लोकांनी १९२२ मध्ये क्योतोला ‘सुइहेइशा’ ही संघटना काढली. आणि काही बौद्ध मंदिरांनी त्यांच्या मृतांना दिलेल्या नावांत ‘जनावर’ अशा अर्थाची अक्षरे घातली होती! हे वाचले त्या दिवशी आम्हाला जेवण गेले नाही. बुद्धाच्या दारातसुद्धा? पण वाचता आले म्हणून कळले. धम्म ‘एहि पस्सिको’ आहे, या आणि पाहा. दुसऱ्याने दाखवले तेवढेच पाहिले तर दिवाही दिसत नाही आणि त्याखालचा अंधारही दिसत नाही.

पहिल्या वर्षी आमच्याकडे शब्दकोशाला पैसे नव्हते. याच विहारातल्या एका उपासिकेने आपल्या भिशीचे पैसे आणून हातावर ठेवले. “वाच, आणि आम्हाला सांग,” एवढेच म्हणाल्या. त्या आज नाहीत. हे भाषण म्हणजे त्यांना दिलेला हिशेब समजा.

म्हणून समितीला विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. विद्यापीठात चिनी, जपानी किंवा कोरियन शिकणाऱ्या मुलामुलींना त्यातून शब्दकोश आणि परीक्षेची फी द्या. घेणाऱ्याने दर रविवारी विहारात तासभर बसून लहानांना शिकवावे. पहिली वर्गणी आमची.

आणि त्या गृहस्थांना सांगतो, ते समोरच बसले आहेत. दादा, पोरीला जाऊ द्या. तिथे काय लिहिले आहे ते ती वाचेल आणि आपल्याला येऊन सांगेल.

जयभीम! नमो बुद्धाय!