हाक आणि पारख

बेळगावच्या पश्चिमेस असलेल्या बेळगुंदीसारख्या गावी एखाद्या तरुणास धर्मसेवेची हाक ऐकू आली, तर ती खरी कशावरून मानावी? बेळगावात १८२० साली लंडन मिशनने आरंभिलेले कार्य १९०४ मध्ये मेथडिस्ट मंडळीकडे आले. या परंपरेने हाकेची पारख पूर्वीच ठरविली होती. जॉन वेस्ली यांच्या १७४६ च्या परिषदेने तीन प्रश्न पुढे ठेविले: देवाच्या कृपेचा अनुभव आहे काय? सेवेस लागणारे गुण आहेत काय? आणि सेवेस फळ येते काय? पहिल्याचे उत्तर इच्छुकाने द्यावे. उरलेल्या दोहोंचे त्याला रोज पाहणाऱ्या मंडळीने.

परंतु फळ कशास म्हणावे? १८४८ मध्ये मुंबईस आलेल्या जॉर्ज बोवेन यांनी मिशनचे वेतन सोडले, गोरगरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड केले, पुढे मेथडिस्ट मंडळीत प्रवेश केला आणि १८८८ मध्ये देह ठेवला. बाप्तिस्म्यांच्या संख्येने मोजिले, तर त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. तरीही लोक त्यांना संत म्हणत.

बेळगुंदीच्या त्या तरुणाने स्वतःच्या मनास अवश्य विचारावे. आणि मग शेजाऱ्यांच्या उत्तराची धीराने वाट पाहावी.