सहाशे पंचवीसची उरलेली पट्टी

ठाण्यापासून कळवा-मुंब्रा ते डोंबिवली-कल्याणपर्यंत आपल्या घराघरांत औषधांचा एक डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, नाहीतर मिठाईचा रिकामा खोका. आम्ही आरोग्य गटाच्या बायका कुठे चाळीत, कुठे सोसायटीच्या गच्चीवर बसतो, तेव्हा हा डबा घेऊन या म्हणून सांगतो. तापाच्या गोळ्या, बाम, आजोबांची बीपीची गोळी, आणि तळाशी जवळजवळ हमखास एक अर्धवट कापलेली पट्टी. गोळी मोठी, लांबट, पांढरी, गिळताना घशात अडकेल अशी. तिचं नाव कुणी सांगत नाही. सगळ्या म्हणतात, "ती सिक्स ट्वेंटी-फाय."

आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे. दुकानात ती ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सिकाइंड-सीव्ही अशा नावांनी मिळते, जनऔषधी केंद्रात साध्या नावानं स्वस्त मिळते. आत औषधं दोन असतात: अॅमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्युलॅनिक अॅसिड १२५ मिलिग्रॅम. बेरीज ६२५.

यातलं अॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घरातलं. पेनिसिलिन आपल्याला परकं नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पण जंतूही शिकतात. त्यांच्यातले काही असा एक पदार्थ सोडू लागले, की तो पेनिसिलिनचा रेणूच तोडून टाकतो. जणू जंतूच्या हातात कात्री आली. क्लॅव्युलॅनिक अॅसिड स्वतः जंतूंना फारसं मारत नाही. ते त्या कात्रीत फडकं अडकावं तसं अडकून बसतं, आणि तेवढ्यात अॅमॉक्सिसिलिन आपलं काम करून घेतं.

ही जोडी लक्षात आली की एक गोष्ट आपोआप कळते. बाजारात ३७५ ची गोळीही मिळते. तिच्यात २५० आणि १२५. आता ६२५ संपली म्हणून कुणी ३७५ च्या दोन घेतल्या, तर अॅमॉक्सिसिलिन बरोबर ५०० झालं, पण क्लॅव्युलॅनिक अॅसिड दुप्पट, २५०. आणि या औषधानं पोट बिघडतं ते बरंचसं त्याच्यामुळेच. म्हणून दोन लहान म्हणजे एक मोठी हा हिशेब इथे चालत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, हीच आहे, दोन घ्या," तर आपण म्हणायचं, "नको भाऊ, डॉक्टरांना विचारून घेते."

आता ही गोळी कशासाठी? कानातला पू, सायनसचा जंतुसंसर्ग, काही प्रकारचा न्यूमोनिया, कुत्रा-मांजर चावल्यावरची जखम, दाताखालचं गळू, लघवीचा काही जंतुसंसर्ग. पण ठरवायचं डॉक्टरांनी. साधी सर्दी, फ्लू, डेंगी हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर ही गोळी शून्य काम करते. टायफॉइडला ही योग्य नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आल्यावर ताप आला, तर तो लेप्टोचा असू शकतो, डेंगीचा किंवा मलेरियाचाही. अशा वेळी डब्यातली गोळी घेऊन दोन दिवस घालवणं हे सगळ्यात महाग पडतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल तिथे जा, पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवीची जळजळ असेल आणि डॉक्टरांनी कल्चर सांगितलं असेल, तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. गोळी घेऊन मग नमुना दिला तर जंतू सापडत नाही आणि तपासणीचे पैसे वाया जातात.

घ्यायची कशी? जेवणाच्या सुरुवातीला, दोन घास पोटात गेले की. त्यानं मळमळ कमी होते आणि औषध नीट अंगी लागतं. दूध-दही चालतं, काही अँटिबायोटिकांना ते चालत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. दिवसातून दोनदा असेल तर बारा तासांचं अंतर हवं. आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी सातची लोकल पकडतात आणि रात्री आठला घरी टेकतात. त्यांनी सकाळी निघण्यापूर्वी पोळीच्या दोन घासांबरोबर आणि रात्रीच्या जेवणाला घ्यावी, गणित जमतं. तीनदा लिहिली असेल तर दुपारची गोळी डब्याच्या पिशवीत, पण पट्टीतच. विसरलात, तर आठवल्याबरोबर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर ती एक सोडून द्या, एकदम दोन घेऊ नका.

पट्टीतच का, तेही सांगतो. क्लॅव्युलॅनिक अॅसिडला ओल सहन होत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात. त्या हवेत गोळ्या सोडवून सोमवार-मंगळवारच्या खणांच्या डबीत भरल्या, तर गोळी दिसायला तशीच राहते, पण फडकं अडकवणारं औषध कमी होत जातं. बीपीच्या गोळ्यांची ती डबी याला नको. ओट्यावरची, बाथरूममधली जागाही नको. कपाटात कोरडी जागा बघा.

लहान मुलांचं सुकं सिरप असतं, त्यात घोळ जास्त. बाटली आधी हलवून पूड मोकळी करा. सोबत पाण्याची कुपी असेल तर ती, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. आधी थोडं घालून हलवा, मग खुणेपर्यंत. फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. दर वेळी हलवून, सोबतच्या मापानंच द्या. घरातला चमचा कुठे तीन मिलिलिटरचा, कुठे सातचा. सात दिवसांनी उरलेलं टाकून द्या. आणि बाटलीवरचा आकडा वाचा. ५ मिलिलिटरमध्ये २२८.५ आणि ५ मिलिलिटरमध्ये ४५७ अशा दोन ताकदी मिळतात. मागच्या खेपेला एक माप दिलं होतं म्हणून या खेपेलाही एक माप, असं केलं तर औषध दुप्पट किंवा निम्मं होतं.

जुलाब होतात, हे बहुतेकींना माहीत आहे. पातळ शौचाला एक-दोनदा झालं तर पाणी, ताक, पेज घ्या आणि डॉक्टरांना कळवा. पण वारंवार पाण्यासारखं, रक्त पडणं, ताप, पोटात मुरडा, असं असेल तर जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनानं घेऊ नका, लगेच दाखवा. दुसरं, ज्याबद्दल बायका बोलत नाहीत: या गोळ्यांनंतर खाली खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. ही अस्वच्छता नव्हे. चांगले जंतू मेले की बुरशी वाढते. साधा उपचार आहे. लाजून महिनाभर सोसू नका. अंगावर पाजत असाल, दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल, तर गोळी लिहितानाच सांगा.

क्वचित यकृताला सूज येते, वयस्कर माणसांत आणि पुरुषांत जास्त. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज. हे गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना "मागच्या महिन्यात घेतली होती" हेही सांगायचं. या औषधानं एकदा कावीळ झाली असेल तर पुन्हा कधीच नाही. मूत्रपिंडाचा आजार, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल, यातलं काही असेल तर ते आधी कळलं पाहिजे.

आणि आता ती उरलेली पट्टी. शेजारीण म्हणते, "वहिनी, यांचा घसा धरलाय, एखादी गोळी आहे का हो?" आपण देतो, प्रेमानं देतो. पण "यांना" पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर? काही माणसांच्या अंगावर पुरळ उठतं, गांधी येतात. काहींचे ओठ-जीभ सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब खाली जातो, आणि ते मिनिटांत होतं. असं झालं तर १०८ ला फोन. वाट बघायची नाही. शेजारणीला गोळी द्यायची नाही, रिक्षाचे पैसे द्या, सोबत जा. नुसते जुलाब म्हणजे अॅलर्जी नव्हे, पण कधी पुरळ उठलं असेल तर औषधाचं नाव आणि काय झालं ते फाइलीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवा. ती अॅलर्जी खरी की नाही ते डॉक्टर ठरवतील.

पट्टी उरते कशी? तिसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून. डॉक्टरांनी पाच दिवस म्हटलं तर पाच, सात तर सात. आपल्या मनानं थांबवायचं नाही आणि वाढवायचंही नाही. दुकानात चिठ्ठीवर लिहिल्या तेवढ्याच गोळ्या मोजून मागा, कापताना मुदतीची तारीख आपल्या तुकड्यावर राहील असं बघा. पट्टीवरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी आहे. दुकानदार तशीच देतो, हे आम्हालाही माहीत आहे. आपण मागितलं नाही तर तो देणारही नाही.

डॉक्टरांनी मधेच औषध बदललं आणि तरीही उरल्याच, तर त्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवा, कागदात बांधून कचऱ्यात टाका. संडासात, मोरीत नको. ते पाणी शेवटी खाडीला जातं.

कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवता येतो, मोफत, १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर. फोन करताना पट्टी हातात ठेवा, नाव आणि बॅच नंबर विचारतात.