तोळाभर शिसे
(हरणाच्या शिकारीतील गोळीच्या वजनाचा विचार)



शिकारकथा वाचत वाढलेल्या वाचकाला मचाण ठाऊक असते, हाकारा ठाऊक असतो, पानांची सळसळ ऐकून श्वास रोखणारा शिकारीही ठाऊक असतो. बार उडतो, सावज कोसळते आणि कथा संपते. मात्र नळीतून सुटलेली ती गोळी किती वजनाची होती आणि तेवढ्याच वजनाची का होती, हे कथाकार सहसा सांगत नाही. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये हरणाची शिकार आजही कायद्याच्या चौकटीत चालते. तेथे हा प्रश्न शिकाऱ्यांच्या नित्य चर्चेचा आहे, आणि स्कॉटलंडमध्ये तर त्याचे उत्तर कायद्याच्या कलमात आकड्याने लिहिलेले आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. ते योग्यच झाले. तेव्हा येथे या विषयाचा विचार करायचा तो शिकार शिकण्यासाठी नव्हे. एखाद्या जिवाला मारायचेच ठरले, तर त्याच्या यातनांची जबाबदारी मारणाऱ्यावर कुठवर येते, हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

प्रथम मापाविषयी. गोळीचे वजन ‘ग्रेन’मध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. आपल्या सराफकट्ट्यावर गुंज होती, तशीच ही. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरविण्यात आला, आणि १८३५ पासूनच्या कलदार रुपयाचे वजनही तेवढेच राहिले. अमेरिकेतील अत्यंत प्रसिद्ध अशा ‘थर्टी-ओ-सिक्स’ काडतुसात आजही १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरली जाते. म्हणजे आजोबांच्या कशातील एक कलदार रुपया आणि ती गोळी तराजूच्या दोन पारड्यांत घातली, तर काटा मध्यावर राहील. हरणासाठी तेथे अधिक पसंत केली जाणारी १५० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर दहा मासे. दोन मासे कमी की जास्त, यावर त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले आहेत.

पूर्वी हा वाद असा नव्हता. गोळी वाटोळी आणि निव्वळ शिशाची असे. दारू काळी आणि वेग मर्यादित. वेग वाढविता येत नसे, म्हणून मोठ्या जनावरासाठी मोठी गोळी, एवढाच हिशेब होता. ‘बारा बोअर’ या शब्दाचा मूळ अर्थही हाच : नळीच्या मापाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड. यातील एक गोळी ५८३ ग्रेनची, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची भरते.

१८८४ साली फ्रान्समध्ये व्येय या रसायनज्ञाने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि सारा हिशेब बदलला. नळी अरुंद झाली, गोळी लांबट झाली, वेग कितीतरी वाढला. त्या वेगात नुसते शिसे टिकेना, म्हणून त्यावर तांबे-निकेलसारख्या कठीण धातूचे वेष्टन आले. अमेरिकी सैन्याने १९०३ साली २२० ग्रेनची गोळी स्वीकारली, आणि तीनच वर्षांत ती सोडून १५० ग्रेनची टोकदार, वेगवान गोळी घेतली.

शिकाऱ्यांमध्ये त्यानंतर दोन पंथ पडले. जॅक ओ’कॉनर हा अमेरिकेत विद्यापीठात अध्यापन केलेला लेखक. १९२५ साली निघालेल्या ‘टू-सेव्हन्टी’ काडतुसातील १३० ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळीचा त्याने आयुष्यभर पुरस्कार केला. त्याचा प्रतिपक्षी एल्मर कीथ हा रानात वाढलेला गुराखी. त्याचा विश्वास रुंद नळीवर आणि जड गोळीवर. दोघांचे लेख वाचून अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या पिढ्या एकमेकांशी भांडल्या.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, हे साध्या गणिताने कळते. एकाच नळीतून १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २९०० फूट वेगाने सुटते, तर १८० ग्रेनची सुमारे २७०० फूट वेगाने. दोघींची ऊर्जा काढली तर पहिलीची सुमारे २८०० फूट-पौंड आणि दुसरीची सुमारे २९०० भरते. फरक नगण्य. पण वस्तुमान आणि वेग यांचा साधा गुणाकार, म्हणजे संवेग, पाहिला तर जड गोळी सुमारे बारा टक्क्यांनी सरस ठरते. शिवाय नळी तीच असल्याने जड गोळी लांब असते आणि लांब खिळ्याप्रमाणे खोल जाते. हलकी गोळी अधिक सरळ रेषेत धावते, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती फार खाली पडत नाही. आणखी एक गोष्ट : गोळी जितकी जड, तितका खांद्याला बसणारा धक्का मोठा. त्या धक्क्याच्या धास्तीने शिकारी चाप ओढतानाच दचकतो, आणि वजनाने मिळविलेले सारे नेम चुकल्याने गमावतो.

आता सावजाकडे पाहू. पांढऱ्या शेपटीचे अमेरिकी हरीण आपल्या चितळापेक्षा थोडे थोराड असते. त्याचे हृदय आणि फुप्फुसे पुढच्या फऱ्याच्या मागे, बरगड्यांच्या आड असतात. गोळी तेथे पोहोचली आणि तेथेच उमलली, तर जनावर काही क्षणांत शुद्ध हरपते. गोळी फार हलकी व ठिसूळ असेल तर ती फऱ्याच्या हाडावरच फुटते. जखम रुंद होते, पण उथळ राहते. उलट गोळी थोराड जनावरासाठी घडविलेली, जड आणि चिवट असेल, तर ती हरणाच्या सडपातळ अंगातून न उमलता आरपार जाते. छिद्र लहान पडते, रक्ताचा माग लागत नाही, आणि हरीण मैलभर दूर कुठल्या तरी झुडपात तासन्‌तास मरत राहते. दोन्ही चुकांची किंमत शिकारी मोजत नाही.

म्हणूनच उमलणाऱ्या गोळीला येथे महत्त्व आले. या गोळीचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात वेष्टनाचे टोक उघडे ठेवलेली गोळी तयार झाली, आणि तिच्या भयंकर जखमांचा बोभाटा जगभर झाला. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध मानल्या गेल्या. पण इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील कायद्यांनी हरणांसाठी उमलणारीच गोळी सक्तीची केली आहे. सैनिक जखमी होऊन रुग्णालयात जगावा, आणि हरीण जखमी होऊन रानात जगू नये. दोन्ही नियमांच्या मुळाशी करुणाच आहे.

स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशाने तांबड्या हरणासाठी गोळीचे किमान वजन १०० ग्रेन ठरविले. वेग सेकंदाला २४५० फूट आणि ऊर्जा १७५० फूट-पौंडांहून कमी नसावी, असेही घातले. लहानग्या ‘रो’ हरणासाठी वजनाची मर्यादा ५० ग्रेन होती. अडतीस वर्षे हा १०० चा आकडा टिकला. २०२३ साली तो ८० वर आणण्यात आला, आणि त्याचे कारण हरणात नव्हे, तर शिशात होते.

शिशाची गोळी शरीरात शिरताच तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर विखुरतात. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी गिधाडे आणि गरुड खातात, आणि विष त्यांच्या रक्तात उतरते. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा महाकाय गिधाडवर्गी पक्षी १९८२ साली अवघा २२ उरला होता. त्याच्या जिवावर उठलेल्या कारणांत शिसे प्रमुख होते. त्या राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे बंद केली. आपल्याकडेही गुरांच्या शवातील डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचा असाच संहार झाला, आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मेलेल्या जनावरात आपण काय मागे ठेवतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

शिशाऐवजी तांबे घ्यावे, तर ते हलके. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी सुमारे सव्वापट लांब होते, आणि जुन्या रायफलींच्या नळीतील आट्यांना तिला नीट फिरविता येत नाही. शिवाय तांबे उमलण्यासाठी वेग हवा. तेव्हा गोळी हलकी घेणे क्रमप्राप्त ठरते. पण ती फुटत नाही. पाकळ्यांसारखी उमलूनही वजन जवळजवळ अबाधित राखते. शिशाची गोळी निघताना जड असते आणि वाटेत वजन गमावते. तांब्याची हलकी निघते, पण जवळजवळ तेवढीच पोहोचते. ओ’कॉनर आणि कीथ यांच्या वादाचा निकाल कदाचित येथेच लागतो. नळीतून निघतानाच्या वजनापेक्षा हृदयापर्यंत पोहोचलेले वजन महत्त्वाचे.

जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. तिच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे जुन्या गोळीने मोडलेले आढळले. हरीण नरभक्षक होत नाही. ते सूड घेत नाही, तक्रारही करीत नाही. म्हणून त्याच्या बाबतीतली चूक कोणाच्या लक्षात येत नाही. काडतूस निवडताना दहा मासे की एक तोळा, असा विचार करीत जो शिकारी क्षणभर थांबतो, तो त्या न केलेल्या तक्रारीची दखल घेत असतो. आणि शंका फिटली नाही, तर चापावरचे बोट काढून घेणे, हेही त्याच्या हाती असते.