संदर्भांचे दप्तर

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 साली सिद्ध झालेल्या ‘झोटेरो’ या विनामूल्य संगणक-प्रणालीत ग्रंथाचा आयएसबीएन अथवा शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक भरला, की कर्ता, शीर्षक, प्रकाशक इत्यादी तपशील बहुधा आपोआप दाखल होतो. परंतु आयएसबीएनची पद्धतच 1970 च्या सुमारास रूढ झाली असल्याने, तत्पूर्वीच्या मराठी ग्रंथांची नोंद शीर्षकपृष्ठ समोर ठेवून बहुतेकदा स्वहस्तेच करावी लागते. तेथे ‘शके 1878’ असेल, तर 78 मिळवून 1956 लिहावे. ग्रंथ माघ-फाल्गुनातला असल्यास मात्र 1957. आडनावाचा रकाना स्वतंत्र आहे, आणि माझ्या मते खरी गफलत इथेच होते : ‘वि. का. राजवाडे’ हे सबंध नाव त्यात कोंबले, तर सूचीत राजवाडे ‘र’ऐवजी ‘व’खाली जाऊन बसतात.