बियाण्याची कणगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी टोकावडे येथे केलेले भाषण)



मी या गावची माहेरवाशीण. आपण मला आठवणीने बोलावलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. चिटणीसबाईंचा निरोप होता, "तू कल्याणला रात्री जागून संगणकावर फुकटचे काम करतेस म्हणे. ते काय, ते आम्हांला समजेल असे सांग." तेच सांगावयाचा प्रयत्न करते.

माझी आजी बियाणे राखावयाची, हे आपल्यांतील पुष्कळजणींना आठवत असेल. भात झोडण्यापूर्वी ती भरदार लोंब्या निवडून बाजूला काढी, वाळवी, पाखडी आणि कणगीत घालून तोंड शेणमातीने लिंपून घेई. मृगाच्या तोंडावर लोक बी मागावयास येत. कणगीत हात घालून कोणी तपासून पाहत नसे. आजीने दिले म्हणजे ते उगवणारच! पण हा विश्वास तिला एका वर्षात मिळालेला नव्हता.

माझे काम त्याच जातीचे आहे. संगणक ज्या प्रोग्रॅमांवर चालतो त्यांपैकी काही विकत मिळतात, तर काही मुक्त असतात. मुक्त म्हणजे त्यांची घडण सर्वांना उघडी. कोणीही ती पाहावी, सुधारावी, वाटावी. असे प्रोग्रॅम लिहिणारे लोक जगभर विखुरलेले आहेत. त्यांचे काम आणून, पाखडून, परवाना नीट आहे की नाही हे पाहून, कशाबरोबर काय लागते ते लिहून त्याचे जे गाठोडे बांधतात, त्याला पॅकेज म्हणतात. आणि ते वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला मेंटेनर म्हणतात.

अशा गाठोड्यांचे एक मोठे कोठार म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याची घोषणा केली. नावात त्याच्या मैत्रिणीचे डेब्रा आणि स्वतःचे इयान अशी दोन्ही नावे गुंफली. २०२३ साली निघालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक. स्त्रिया त्यांत फार थोड्या, म्हणून २००४ साली 'डेबियन विमेन' हा उपक्रमही सुरू झाला.

आता या कोठाराची किल्ली कशी मिळते? अर्ज केला आणि मिळाली, असे नाही. प्रथम कोणी वाली नसलेले एखादे गाठोडे उचलावे, त्यातील दोष दुरुस्त करावे. पण ते कोठारात ठेवण्याचा अधिकार आपल्याला नसतो. जुना जाणता सभासद तपासतो आणि आपल्या सहीने आत ठेवतो. सही म्हणजे संगणकावरील गुप्त किल्लीची खूण. ती किल्ली खरोखर आपलीच, हे ठरविण्यासाठी प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून दुसरे सभासद तिला दुजोरा देतात. काम पुष्कळ दिवस पाहिल्यावर कोणी शिफारस केली, तर आपल्या ठराविक गाठोड्यापुरती परवानगी मिळते. पूर्ण सभासदत्व त्याच्याही पुढचे.

मी मराठी अक्षरांच्या एका टंकाचे लहानसे गाठोडे घेतले. पहिल्यांदा ते परत आले. चौदा चुका दाखविल्या होत्या. मला रडू आले. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा गेले.

मग एका दिवाळीच्या घाईत मी नवी आवृत्ती तयार केली आणि हिंदी वाक्यांवरच तपासून पाठविली. माझ्यावर भरवसा ठेवून ती आतही गेली. चार दिवसांनी एका परदेशस्थ मराठी गृहस्थांची तक्रार आली. आपल्या मराठीतला चंद्रकोरीसारखा 'र' मोडला होता! पुऱ्या, भाकऱ्या, सुऱ्या, स्वयंपाकघरातले निम्मे शब्द लंगडे झाले. आचार्याला आणि आचाऱ्याला यांतला फरक या एका खुणेवर उभा आहे, हे माझ्यासारख्या मराठी बाईने विसरावे?

सुदैवाने नवा माल आधी कच्च्या दालनात जातो, तिथे पारखला जातो आणि मगच पक्क्या दालनात येतो. म्हणून नुकसान थोडक्यात आटोपले. मी सर्वांसमोर चूक लिहून कबूल केली आणि त्याच रात्री दुरुस्ती पाठविली. आता आपल्याला कोणी विचारणार नाही, असे मला वाटले होते. पण पुढे माझी शिफारस करणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी नेमका त्याच कबुलीचा उल्लेख केला.

भगिनींनो, याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'एक्सझेड' नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक साधन आहे. लासे कॉलिन हे गृहस्थ ते बहुतांशी एकट्याने सांभाळीत. प्रकृतीच्या कारणाने आपल्याच्याने फार होत नाही, हे त्यांनी मोकळेपणी सांगितलेही होते. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणी मदतीस आले. काम चांगले करी. इकडे काही अनोळखी नावांनी कॉलिन यांना, तुम्ही फार संथ आहात, दुसऱ्याला द्या, असा तगादा लावला. अखेर टॅनच्या हाती अधिकार आले आणि २०२४ च्या आरंभी त्याने त्या साधनात चोरवाट घातली. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्राचे दार उघडावयास अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. त्याने ते सोडून दिले नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे उघड केले. डेबियनच्या पक्क्या दालनापर्यंत ते विष पोहोचले नव्हते.

म्हणजे नियमाने, चिकाटीने विश्वास चोरालाही कमावता येतो! मग आपण काय करावे? मला एवढेच कळते की, एकट्या थकलेल्या माणसाच्या गळ्यात कणगी बांधून बाकीच्यांनी निर्धास्त झोपू नये. काम उघड्यावर असावे, दुसऱ्याची नजर त्यावर असावी, आणि अर्ध्या सेकंदाची शंका घेणाऱ्याला कोणी वेडे म्हणू नये.

आजी शेवटच्या दोन वर्षांत दृष्टी गेल्यावरही बी निवडीत असे. आम्ही कोणी तिच्या शेजारी बसलो नाही. तिच्यानंतर ते वाण आमच्या घरातून गेले. हे मला अजून टोचते. म्हणून माझ्या गाठोड्याला मी गेल्या वर्षी एक जोडीदारीण पाहिली. ती मुरबाडच्या कॉलेजातली मुलगी आहे. तिच्या पहिल्या पाठवणीत मी अकरा चुका काढल्या. ती रडली की नाही, हे मी विचारले नाही. दुसऱ्यांदा पाठवशील ना, एवढे मात्र विचारले. तिने पाठविले.

आपल्या मंडळाची कपाटाची किल्ली आणि जमाखर्चाची वही इतकी वर्षे ज्यांनी सांभाळली, त्यांना आज आपण हार घातला, ते योग्यच झाले. उद्यापासून एखादीने त्यांच्या शेजारी वही घेऊन बसावे, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.