लाल दिवा लागतो, पण बॅटरी भरत नाही

(मोडनिंब येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मोडनिंबच्या शिवारात शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रपाळीला आली की माणूस उसाला दारं धरायला निघतो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात चार्जिंगची बॅटरी. गावाकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. अंधारात सरीत पाय टाकताना पुढ्यात साप आहे की पाइपाचा तुकडा, हे तिच्या उजेडावरच कळतं.

आज या टेबलावर असाच एक दिवा आहे. रात्रभर चार्जिंगला लावला तरी दहा मिनिटांत मंदावतो. अशा वेळी घरातला निकाल ठरलेला असतो : ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी बसते, काही दिवस बरे जातात, पुन्हा तेच रडगाणं. तिला भरणारा भाग कुणी तपासलेलाच नसतो.

उघडण्याआधी जिवाची काळजी. अशा स्वस्त दिव्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. 230 व्होल्टची लाईन एका कपॅसिटरमधून सरळ सर्किटमध्ये उतरते. त्यामुळं पिन बोर्डात असताना आतल्या कुठल्याही तारेला, अगदी बॅटरीच्या टोकालाही, हात लागला तर जिवावर बेतू शकतं. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तिला उतरवणारा एक छोटा रेझिस्टर शेजारीच असतो, पण तोच जळालेला असेल तर? म्हणून पाच मिनिटं थांबायचं, कपॅसिटरवर मीटर लावून शून्य आल्याची खात्री करायची, मगच बोट लावायचं.

स्क्रू काढले की आत शिशाची सीलबंद बॅटरी दिसते : 4 व्होल्टची, म्हणजे 2 व्होल्टचे दोन सेल. पूर्ण भरून थोडी विसावलेली बॅटरी 4.2 च्या आसपास दाखवते. इथं 3.9 आहे, आणि दिव्याचं बटण दाबताच आकडा 3.2 वर घसरतो. पांढऱ्या एलईडीला जवळपास 3 व्होल्ट लागतात, म्हणून उजेड मरतो. बटण शाबूत, एलईडी शाबूत, बॅटरी उपाशी.

उपाशी का, ते चौकोनी कपॅसिटरवर वाचता येतं : ‘105J 400V’. 10 वर पाच शून्यं, इतके पिकोफॅरड. म्हणजेच 1 मायक्रोफॅरड. आपल्या 50 हर्ट्झच्या लाईनवर तो सुमारे 70 मिलिअँपिअर सोडतो. 1 अँपिअर-तासाची बॅटरी भरायला त्याला पंधरा-सोळा तास लागतात.

या कपॅसिटरच्या आत प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा असतो. लाईनचं व्होल्टेज उसळलं की मुलाम्याचा एखादा ठिपका जळून जातो. कपॅसिटर शॉर्ट होण्यापासून वाचतो, पण दर वेळी थोडा झिजतो. टेबलावरच्या दिव्यातला कपॅसिटर सोडवून मोजला, तर उरलेत 0.38 मायक्रोफॅरड! म्हणजे 27 मिलिअँपिअरच्या आसपास. तीच बॅटरी भरायला चाळीस तास. लाल दिवा मात्र झोकात लागतो, कारण त्याला दोन-चार मिलिअँपिअर पुरतात. घरच्यांना वाटतं चार्जिंग चालू आहे. अर्धपोटी बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि नवी बॅटरीही वाया जाते.

नवा कपॅसिटर 1 मायक्रोफॅरडचाच हवा. मोठा घातला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन सुकते. 230 व्होल्टच्या लाईनची लाट 325 व्होल्टपर्यंत चढते, म्हणून 250 लिहिलेला स्वस्तातला तुकडा चालत नाही. सोल्डर करण्याआधी एसीचं डीसी करणारे चारही डायोड तपासावेत : मीटरनं एका दिशेला 0.5 ते 0.7 दाखवावं, उलट दिशेला काहीच नाही.

हे काम गावात होऊ शकतं. आयआयटी मुंबईनं 2014 मध्ये शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच माणसांना शिकवलं. दिवा देतानाच त्याच्या दुरुस्तीची सोयही उभी केली, हे त्या प्रकल्पाचं मोठेपण आहे. मोडनिंबच्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर सोल्डरिंग गन आणि मीटर असतोच; चार्जिंगच्या बॅटऱ्याही तिथं तपासल्या जाव्यात.

नवा कपॅसिटर आता बसवला आहे, स्क्रू घट्ट केले आहेत. दिवा आज रात्रभर आणि उद्या दिवसभर इथंच चार्जिंगला राहील. उद्याच्या व्याख्यानाआधी पिन काढून, दिवा उघडून सर्वांसमोर मीटर लावला जाईल. 4.2 च्या आसपास आकडा आला आणि बटण दाबल्यावरही टिकला, तर जुनीच बॅटरी कामाला येईल. घसरला, तर ती भंगारवाल्याकडं जाईल, उकिरड्यावर नाही. आत शिसं आणि ॲसिड आहे.