आजचं टार्गेट कुणी ठरवलं?

(दुबईतल्या एका कॅम्पच्या मेसमध्ये रविवारी केलेलं भाषण. बोललो जवळपास तसंच इथे दिलं आहे.)

आठवड्यातून एक सुट्टी, त्यात कपडे धुवायचे, घरी व्हिडिओ कॉल करायचा, ते सोडून तुम्ही इथे बसलात. म्हणून जास्त वेळ घेत नाही.

मला विषय दिलाय, ध्येय ठरवून कामाचा वेळ कसा सांभाळायचा. मोबाईलवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. यशस्वी व्हायचं तर पहाटे पाचला उठा म्हणतात. उन्हाळ्यात आपली बसच साडेचारला सुटते! तेव्हा ते व्हिडिओ आपल्यासाठी नाहीत, हे आधीच सांगतो.

आपल्या साइटवर ध्येयाला टार्गेट म्हणतात, आणि ते तुम्ही ठरवत नाही. सकाळी फोरमन येऊन सांगतो, आज ही भिंत संपली पाहिजे. फोरमनला ते माझ्यासारखा सुपरवायझर सांगतो. मी डिप्लोमा करून इथे आलो तेव्हा मलाही वाटायचं, टार्गेट जितकं मोठं तितकं काम जास्त निघतं. ते चुकीचं होतं, आणि ते मला कसं कळलं ते पुढे सांगतो.

आधी हिशेब बघा. आठ इंची ब्लॉक, चाळीस बाय वीस सेंटीमीटरचा. एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक लागतात. फोरमन म्हणाला २० मीटर, म्हणजे २५० ब्लॉक. आठ तासांची मिनिटं ४८०. टूलबॉक्स टॉक, पाणी, चहा, दोरी-लेव्हल लावणं, यात ऐंशी गेली. राहिली ४००. म्हणजे एका ब्लॉकला दीड मिनिटाच्या थोडं वर. त्यात मसाला पसरायचा, ब्लॉक बसवायचा, ठोकायचा, सांधा भरायचा. ब्लॉकचं वजन पंधरा किलो धरलं तरी दिवसाला पावणेचार टन तुम्ही आणि तुमच्या हेल्परनं उचललं. एखाद दिवस होईल. रोज नाही होत. १२ मीटर धरा, दीडशे ब्लॉक, मग एका ब्लॉकला अडीच मिनिटांहून जास्त मिळतात आणि भिंत ओळंब्यात राहते.

हा हिशेब तुम्हाला यायलाच पाहिजे. तो आला की "नहीं होगा" एवढंच म्हणायची वेळ येत नाही. "दीडशे ब्लॉक होगा, माल ऊपर चाहिए" असं सांगता येतं. पहिल्या बोलण्याला फोरमन आळस म्हणतो. दुसऱ्याला त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता माझी गोष्ट. सुपरवायझर झालो त्याच वर्षीचा जुलै. व्हिलाचं काम, कंपाउंडची भिंत, सगळं उघड्यावर. ब्लॉकची गाडी सहाला येणार होती, ती आली नऊला. तीन तास गेले, पण मी टार्गेट कमी केलं नाही. साडेबारा वाजले तेव्हा दोन थर राहिले होते. आपल्यातलाच एक मेसन, बीडकडचा, म्हणाला, "साहेब, एवढं संपवूनच बसतो." मी हो म्हणालो. एकच्या सुमाराला तो भिंतीला धरून खाली बसला. बोलणं तुटक, अंग तापलेलं, घाम बंद. सावलीत नेला, अंगावर पाणी ओतलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तो वाचला. पण ते तीन तास गाडीचे होते, त्याचे नव्हते. आणि हो म्हणणारा मी होतो.

यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, उन्हात काम बंद असतं. हा कायदा आहे. मोडला तर कंपनीला माणशी ५,००० दिरहम दंड, जास्तीत जास्त ५०,०००. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून आठ तास, वर गेलं तर ओव्हरटाइम.

म्हणून मी आता माझ्या गँगला खिशातली डायरी ठेवायला सांगतो. आदल्या संध्याकाळी तीन ओळी: उद्या कुठे, किती, आणि त्यासाठी काय लागेल. मचाण, पर्मिट, ब्लॉक, पाणी. काय नाही ते त्याच संध्याकाळी फोरमनला सांगायचं. जड काम सकाळी दहाच्या आत. मग नऊ वाजता एकदा बघायचं, आपण कुठे आहोत. मागे असाल तर नऊलाच बोला, "सात बजे से ब्लॉक नहीं आया". संध्याकाळी पाचला सांगितलं तर ती सबब वाटते. आणि शक्य असेल तर व्हॉट्सअॅपवर पाठवा, त्यावर वेळ पडते.

त्याच पानावर खाली कामाला लागल्याची आणि काम सोडल्याची वेळ लिहा. हे मी सुपरवायझर असून सांगतोय, माझ्या वरच्यांना आवडणार नाही. टार्गेट राहिलं म्हणून पंच आउट करून परत तासभर काम करून घेतात, तो तास कुठेच दिसत नाही. तुमचा बेसिक ८०० दिरहम असेल तर तासाचे साधारण ३.३३. ओव्हरटाइमला बेसिकवर किमान २५ टक्के जास्त, म्हणजे ४.१७. महिन्याचे २६ तास धरले तर १०८ दिरहम. वर्षाचे तेराशे, दीड पगाराच्या वर! रात्री दहा ते पहाटे चारमध्ये केलं तर वाढ ५० टक्के. आणि साधारणपणे दिवसाला दोन तासांच्या वर ओव्हरटाइम घेता येत नाही.

पे-स्लिप आली की डायरीशी ताडून बघा. फरक असेल तर आधी टाइमकीपरकडे, एकट्यानं नाही, चार-पाच जण मिळून जा. तिथे नाही झालं तर मंत्रालयाचा नंबर ६००५९००००. तेव्हा विचारतील, कुठल्या तारखेला किती तास. डायरी असेल तर सांगता येईल.

लिहिता येत नाही म्हणणारे दोघं-तिघं आहेत, मला माहीत आहे. त्यांनी रूममधल्या कुणाला तरी रोज रात्री सांगायचं, त्यानं लिहायचं. डायऱ्या तिकडे पाण्याच्या कूलरजवळ ठेवल्यात, जाताना एक-एक घ्या. आणि ज्यांचा मागच्या महिन्याचा ओव्हरटाइम कमी आलाय, ते थांबा, आत्ताच बसून हिशेब काढू.